घरच्या खोलीत सिंथ आणि ऑर्केस्ट्रा : नागपुरात बसून पहिला सिंथ-पॉप अल्बम कसा करायचा

सिंथ-पॉपमध्ये, म्हणजे सिंथेसायझरवर उभ्या केलेल्या पॉप गाण्यांत, व्हायोलिनं घालायची म्हटलं की बहुतेक नवशिके आधी गाणं पूर्ण भरून घेतात. ड्रम मशीन, बेस, पॅड (मागे पसरलेला लांब आवाज), वर लीड (पुढची चाल वाजवणारा आवाज). मग शेवटी 'स्ट्रिंग्ज' नावाचा एक आवाज उघडून कोरसच्या कॉर्ड दाबून धरतात. गाणं लगेच लग्नाच्या व्हिडिओसारखं वाजायला लागतं. मग माणूस मिक्सिंगच्या मागे लागतो, महिनाभर इक्वलायझर फिरवतो आणि शेवटी स्ट्रिंग्ज इतक्या हळू करतो की त्या आहेत की नाहीत तेच कळत नाही.

दोष मिक्सिंगचा नसतो, कामं वाटलेली नसतात. एकाच सप्तकात पॅडही पसरलाय, चेलोही पसरलाय, गाणाराही तिथेच गातोय. सिंथने काय करायचं आणि वाद्यांनी काय करायचं, हे चाल बांधतानाच ठरलं तर निम्मं मिक्सिंग आपोआप होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत. तुमच्याकडे लॅपटॉप आहे, पेटीवर किंवा कीबोर्डवर थोडाफार हात चालतो आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निदान एकदा उघडून पाहिलंय, एवढं मी गृहीत धरतोय.

पायरी १ : आवाजांची यादी छोटी करा

पहिल्या अल्बमला सात-आठ गाणी आणि अर्धा तास पुष्कळ झाला. या सगळ्या गाण्यांसाठी मिळून तीनच सिंथ आवाज ठरवा: एक बेस, एक पॅड, एक चमकदार आवाज जो अर्पेजिओही (कॉर्डचे सूर एकामागून एक) करेल आणि लीडही. ड्रम मशीन एकच. ऑर्केस्ट्राच्या बाजूने व्हायोलिन, व्हायोला, चेलो, लागलाच तर डबल बास, आणि फुंकून वाजवायचं एक वाद्य. बस. फिल्टर, ऑक्टेव्ह, लय बदलून याच आवाजांतून आठ वेगळी गाणी निघतात आणि आठही एकाच घरची वाटतात. दर गाण्याला नवे प्रीसेट (तयार आवाज) शोधत बसलात तर हाती आठ सिंगल येतील, अल्बम येणार नाही.

आपल्या माणसांनी हे कधी केलंच नाही असं समजू नका. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला होता. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडचा ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. तीन यंत्रं आणि एक वाजवणारा, एवढ्यात अख्खी रेकॉर्ड झाली. तुमच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या शंभरपट सामान आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

पायरी २ : सामान

सॉफ्टवेअर म्हणून रीपर चांगलं. ६० दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकटच मिळतं. सिंथसाठी व्हायटलची मोफत आवृत्ती आणि सर्ज एक्सटी. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ ची काचेरी घंटी हवी असेल तर डेक्स्ड, तेही फुकट. ऑर्केस्ट्रासाठी स्पिटफायर ऑडिओची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर घ्या. ती आकाराने लहान आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालते. व्हीएससीओ २ ची कम्युनिटी आवृत्तीही मोफत आहे. जरा खरखरीत आहे, पण एकट्या वाद्याचा आवाज तिच्यात चांगला मिळतो.

पैसे घालायचे ते तीन गोष्टींवर: दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), ४८ व्होल्टवर चालणारा एक कंडेन्सर माइक, आणि मॉड्युलेशन व्हील (हाताने फिरवायचं चाक) असलेला मिडी कीबोर्ड, म्हणजे दाबलेली कळ लॅपटॉपला कळवणारा. ते चाक नसलेला छोटा कीबोर्ड स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. का ते पाचव्या पायरीत कळेल. मॉनिटर स्पीकर नंतर घेता येतील. दहा बाय दहाच्या खोलीत महागडे स्पीकरही खोटंच बोलतात, त्यापेक्षा बरे हेडफोन घ्या. बर्डीवरच्या दुकानात हात लावून बघा, चाक नीट फिरतं का, कळा सैल आहेत का, आणि मग घ्या.

पायरी ३ : पट्टी आणि शब्द एकत्रच ठरवा

आपल्याकडे गाणारा म्हणतो, "माझी काळी एक" किंवा "काळी चार", आणि गाणं तिथेच बांधलं जातं. नुसता सिंथ असेल तर हरकत नाही, त्याला सगळ्या पट्ट्या सारख्याच. व्हायोलिनला तसं नसतं. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनच्या मोकळ्या तारा म्हणजे जी, डी, ए, ई. आपल्या भाषेत पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन. गाणं पांढरी दोनमध्ये असेल तर सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर येतात, वाद्य स्वतःहून घुमतं. तेच गाणं काळी एकमध्ये नेलं की मोकळी तार जवळपास कुठेच कामाला येत नाही आणि आवाज दबून निघतो. तेव्हा गायकाची काळी एक असेल तर आधी पांढरी दोनला गाऊन बघा. अर्ध्या सुराने कोणाचा गळा बसत नाही.

क्लॅरिनेटचं गणित आणखी वेगळं. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर वादक 'सी' वाजवतो तेव्हा ऐकू येतो बी-फ्लॅट, म्हणजे काळी पाच. त्यामुळे पांढरी दोनचं गाणं त्याला चार शार्प असलेल्या पट्टीत वाजवावं लागतं. वाजवेल तो, पण कुरकुरत. क्लॅरिनेट पुढे असेल तर पांढरी चार किंवा काळी पाच. व्हायोलिन आणि क्लॅरिनेट दोन्ही असतील तर पांढरी एक किंवा पांढरी पाच. एवढं साधं कोष्टक भिंतीवर चिकटवून ठेवा.

शब्दांचं एकच सांगतो. सिंथ-पॉपमधला लांब सूर दीर्घ स्वरावर टाका. 'पाऊस' लांबवायचा असेल तर 'पा' लांबवा, 'स' वर थांबलात तर नुसती हवा निघेल. शेवटी आ, ई, ओ येणारे शब्द ओळीच्या टोकाला ठेवले की गायकाला मोकळं होता येतं आणि मागून येणाऱ्या व्हायोलिनला तो सूर हातात घेता येतो.

दुसऱ्याची कविता घेणार असाल तर हक्काचा हिशेब आधी करा. भारतात कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क चालतो. सुरेश भट २००३ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापून आलेल्या रचनांवर २०६३ च्या अखेरपर्यंत हक्क आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं, तिथे २०२८ अखेर. "भजन आहे, त्याला कोण विचारतं" हे चालत नाही. तुकोबांचा अभंग खुशाल घ्या, फक्त त्याला कोणा संगीतकाराने लावलेली प्रसिद्ध चाल घेऊ नका. ती चाल त्यांची आहे.

पायरी ४ : कामं वाटा

इथे वेळ घालवा. बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

पेटी पुढ्यात घ्या किंवा कीबोर्ड. मधली पांढरी एक शोधा. तिच्या खालची पांढरी पाच हा व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर, सुमारे १९६ हर्ट्झ. त्याच्या खाली व्हायोलिन जाऊच शकत नाही, आणि सॅम्पल लायब्ररीत (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) त्याच्या खालची कळ दाबली तर आवाजच येत नाही. व्हायोला मधल्या पांढरी एकच्या एक सप्तक खाली उतरतो, चेलो दोन सप्तकं. डबल बास त्याच्याही खाली, ४१ हर्ट्झच्या आसपास.

आता सिंथ बेसने साधारण १०० हर्ट्झच्या खालची जागा आधीच धरलेली आहे. तिथे चेलो किंवा डबल बास लांब सूर धरून बसला की दोघांत घासाघीस होणार. मी शंभराच्या खाली एकालाच ठेवतो. गाणं नाचरं असेल तर तिथे सिंथ, आणि चेलो एक सप्तक वर येऊन गाण्याशी बोलणारी उपचाल वाजवतो. गाणं संथ असेल तर उलट: चेलो खाली, आणि सिंथ बेस कडव्यात गप्प. दोघं एकत्र हवेच असतील तर डबल बासची तार बोटाने छेडलेली घ्या. तो 'टक्' वर ऐकू येतो आणि खालचा घुमार सिंथ देतो. दोघं मिळून एकच वाद्य वाटतं, आणि हे वाद्य बाजारात मिळत नाही.

मधला भाग, मधल्या पांढरी एकच्या आजूबाजूचा, सगळ्यात गजबजलेला. गायक तिथे, व्हायोला तिथे, पॅडही तिथेच. पॅडने इथून उठायचं. बहुतेक नवशिके डाव्या हाताने तीन सुरांची कॉर्ड मध्यावर दाबतात आणि पॅड म्हणून तीच ठेवतात. त्याऐवजी पॅडचे दोनच सूर ठेवा, दोन्ही दूर: एक खाली, एक वर, आणि मधला गंधार (कॉर्डचा पायाचा सूर सा धरून) व्हायोलाकडे सोपवा. कॉर्ड मेजर आहे की मायनर हे त्या एका गंधारावर ठरतं. तो लाकडी वाद्याकडे गेला की कान अख्खी कॉर्ड ऑर्केस्ट्रा वाजवतोय असं समजतो. खरं तर तीनातले दोन सूर सिंथचेच असतात.

वरच्या सप्तकात दोघांना एकत्र सोडायला हरकत नाही, फक्त दोघांनी एकच ओळ वाजवावी. व्हायोलिन वर, सिंथ लीड तीच ओळ एक सप्तक खाली आणि आवाजाने निम्मा. सिंथच्या सॉ लहरीत (करवतीच्या दात्यांसारख्या) आणि व्हायोलिनच्या तारेत बरंच साम्य आहे, दोन्हींत सगळे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) भरलेले असतात, म्हणून ते एकमेकांत विरघळतात. क्लॅरिनेट चौकोनी लहरीच्या जवळ जातं, विशेषतः खालच्या सुरांत. लीड चौकोनी लहरीचा असेल तर क्लॅरिनेटला जोडीला द्या, व्हायोलिनला नको.

सूर मांडताना खाली अंतर जास्त, वर कमी. चेलो आणि व्हायोलात निदान एक पंचम असू द्या, व्हायोलिनं जवळजवळ चालली तर चालेल. आणि प्रत्येक वाद्याला स्वतःची ओळ द्या, जी एकटीने गुणगुणता येईल. व्हायोलाची ओळ गुणगुणून बघा. एकाच सुरावर आठ मात्रा बसून राहिली असेल तर व्हायोला वाजवणारा वैतागेल, आणि सॅम्पल असलं तरी ऐकणाऱ्याला तो कंटाळा कळतो.

कोणत्याही गाण्यात सगळे एकाच वेळी किती वेळ वाजतायत ते मोजा. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त असेल तर कोणाला तरी घरी पाठवा.

पायरी ५ : एकाच चाकावर दोघांना बांधा

मॉड्युलेशन व्हीलचं काम इथे येतं, आणि नवशिक्यांना हे कोणी सांगत नाही.

बहुतेक ऑर्केस्ट्रा लायब्ररींत लांब सुरांचा जोर कळ किती जोरात दाबली यावर नसतो, चाकावर असतो. ० ते १२७ मधला हा मिडी संदेश, कंट्रोलर क्रमांक १. चाक खाली असेल तर वादक हलक्या हाताने गज ओढतायत, वर नेलं की नुसता आवाज वाढत नाही, त्याचा पोतही बदलतो, धार येते. सिंथमध्ये हेच काम फिल्टर करतो. फिल्टर बंद असेल तर आवाज दबका, उघडला की चमक.

तर व्हायटल उघडा, मॉड व्हीलचा स्रोत उचलून फिल्टरच्या कटऑफवर (जिथून वरचा आवाज कापला जातो ती जागा) सोडा. चाक शून्यावर असताना कटऑफ ४०० हर्ट्झच्या आसपास आणि पूर्ण वर असताना अडीच हजारांपर्यंत, असा पल्ला लावा. आता पॅडचा ट्रॅक आणि स्ट्रिंग्जचा ट्रॅक दोन्ही रेकॉर्डला लावा, मिडी ओव्हरडब निवडा म्हणजे आधी वाजवलेले सूर पुसले जाणार नाहीत. गाणं सुरू करा आणि एकही कळ न दाबता फक्त चाक फिरवा. कडव्यात ४० च्या आसपास, ओळीच्या शेवटी जरासं खाली, कोरसच्या आधीच्या दोन मात्रांत चढवत न्या, कोरसच्या तिसऱ्या ओळीला शंभरावर, आणि मग उतरा. डोळे मिटून करा, स्क्रीनकडे बघत केलं की चढउतार सरळ रेषेत येतात.

परत ऐका. तारा आणि विजेचा आवाज एका छातीतून श्वास घेतायत असं वाटेल. एवढ्या एका कामाने जो फरक पडतो तो हजारांच्या प्लगइनने पडत नाही.

त्याच बैठकीत आणखी दोन बारीक गोष्टी उरकून घ्या. व्हायोलिनवादकाचा कंप सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा असतो आणि सूर लागल्याबरोबर सुरू होत नाही, जरा थांबून येतो. सिंथ लीडचा एलएफओ (सुराला झुलवणारी संथ लहर) साडेपाच हर्ट्झवर ठेवा, अर्ध्या सेकंदाचा डिले द्या, खोली अगदी थोडी, दहा-पंधरा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). दुसरं, सॅम्पल स्ट्रिंग्ज नेहमी उशिरा बोलतात, कारण गज तारेवर टेकून सूर उभा राहायला वेळ लागतो. ट्रॅकच अलीकडे सरकवा, ५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करून कानाने ठरवा. छोटे तुटक सूर मात्र वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, त्यांना इतकं सरकवायची गरज नसते.

पायरी ६ : ताल

ड्रम मशीन आणि अर्पेजिओ घड्याळाप्रमाणे काटेकोर राहू द्या, तीच त्यांची मजा. स्ट्रिंग्जना क्वांटाइझ करू नका, म्हणजे सॉफ्टवेअरने मात्रेवर चिकटवू नका, हाताने वाजवलेलंच ठेवा. कोरसला लय दोन बीपीएमने (मिनिटाला दोन ठोक्यांनी) वाढवून बघा. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण मान हलायला लागते.

पायरी ७ : एक खरा वादक आणा

सॅम्पल कितीही चांगले असू देत, अल्बममध्ये निदान एक माणूस खऱ्या वाद्याने वाजवणारा हवा. वर एक खरी ओळ आली की खालचे सगळे सॅम्पल खरे वाटू लागतात.

नागपुरात कायमचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आहे, २००६ साली स्थापन झालेला. त्याचे कार्यक्रम लागले की एकदा तरी रात्रीची दुरांतो धरून ऐकून या. पंधरा व्हायोलिनं एकत्र वाजताना समोर बसल्यावर मग घरच्या स्ट्रिंग्ज किती मोठ्या ठेवायच्या ते कानाला कळतं. पितळी वाद्यांसाठी मुंबईही नको. २६ जानेवारीला सकाळी कस्तुरचंद पार्कवर जा आणि पोलीस बँडच्या जवळची जागा पकडा. ट्रम्पेट किती जोरात वाजतं आणि युफोनियम किती गोड, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

वादक मात्र इथेच आहेत. सदर, सिव्हिल लाइन्सकडच्या चर्चमध्ये व्हायोलिन आणि कॉयरवाले भेटतात. हे लोक स्टाफ नोटेशन वाचतात, त्यांच्यासाठी म्युझस्कोअर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ लिहून छापील कागद न्या. हिंदुस्थानी पद्धतीने शिकलेले व्हायोलिनवादक शहरात भरपूर आहेत. ते तारा सा-पच्या जोडीने लावतात, त्यामुळे पट्टी आधी कळवा आणि ओळ सरगममध्ये लिहून द्या किंवा गाऊन पाठवा. त्यांच्याकडून मींड आणि गमक मिळते, आणि सिंथच्या पोर्टामेंटोवर (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर) ती मींड अशी चपखल बसते की कोण कुठे संपलं ते कळू नये. मला विचाराल तर आपल्या सिंथ-पॉपला स्वतःचा चेहरा इथूनच मिळेल.

क्लॅरिनेट हवं असेल तर थेट बँडपार्टीकडे जा. वरातीत घामाघूम होऊन वाजवणारे हे काका लोक एकदा ऐकलेली चाल जशीच्या तशी वाजवतात. बसल्याबसल्या पहिला प्रश्न येईल, "भाऊ, सा कुठून धरू?" त्याचं उत्तर तयार ठेवा. त्यांना गाठायचं ते चातुर्मासात. लग्नसराई संपलेली असते, आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नसतात, फक्त पोळा-मारबत, गणपती आणि नवरात्रीचे दिवस टाळा. मे महिन्यात फोन केला तर तारीख मिळणार नाही, आणि चुकून मिळाली तरी माणूस तीन वराती वाजवून आलेला असेल.

शहरातल्या भीमगीतांच्या आणि ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर वाजवणारे कीबोर्डवादकही विसरू नका. दोन तासांच्या कार्यक्रमात दर गाण्याला आवाज बदलत वाजवायची त्यांची सवय असते. तुमच्या डोक्यातला पॅड तोंडाने सांगितला तरी ते अर्ध्या मिनिटात काढून देतात.

मानधन आधी ठरवा, रेकॉर्डिंग संपल्यावर लगेच हातात द्या, 'एक्स्पोजर'च्या गोष्टी करू नका. आणि एका कागदावर गाण्याचं नाव, वाजवलेलं वाद्य, रक्कम, श्रेयात नाव कसं येईल आणि कुठे कुठे वापरायची परवानगी आहे, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या.

पायरी ८ : रेकॉर्डिंग आणि कूलर

नागपुरातल्या घरच्या रेकॉर्डिंगचा खरा शत्रू कूलर आहे. मार्च ते जून डेझर्ट कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, आणि त्याचा पंखा, पंप, गवतातून टपकणारं पाणी हे सगळं कंडेन्सर माइक प्रेमाने टिपतो. नॉइज रिडक्शनने तो आवाज काढायला गेलात की व्हायोलिनची वरची हवा पण जाते. त्यात कूलरचा दमटपणा. लाकडी वाद्य एसीतून कूलरच्या खोलीत आलं की तारा सुरातून हलत राहतात आणि दर टेकला सूर लावत बसावं लागतं.

जमत असेल तर वाद्यांचं रेकॉर्डिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. पंखाही लागत नाही. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे पाच ते सात. आधी खोली गार करा, कूलर बंद करा, खिडक्या लावा, आणि जितका वेळ बसवेल तितक्यात दोन-तीन टेक घ्या, मग परत कूलर. सोनेगाव, खामला, मनीषनगरकडे राहत असाल तर विमानांच्या वेळा बघून ठेवा. अजनीच्या बाजूला असाल तर रेल्वेच्या शिट्टीशी जमवून घ्यावं लागेल.

खोलीचा घुमारा मारायला घरातल्या कापसाच्या गाद्या आणि रजया पुरतात. एक वादकाच्या पाठीमागे उभी करा, एक माइकच्या मागे. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्याने काही होत नाही, फक्त पाली येतात. हेडफोनमध्ये बारीक 'हंऽऽ' ऐकू येत असेल तर तो विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारव आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. तेवढ्याने गेला तर दोष अर्थिंगचा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही म्हणून बॅटरीवर रेकॉर्ड करणं तसंही शहाणपणाचं. दर टेकनंतर फाइल सेव्ह करा.

माइक व्हायोलिनच्या वर दोन-अडीच फुटांवर, खाली बघत. क्लॅरिनेटचा आवाज नुसता खालच्या टोकाच्या भोंग्यातून येत नाही, बोटांच्या छिद्रांतून येतो. माइक वाद्याच्या मध्याकडे रोखा, दीडेक फुटावर.

एकाच व्हायोलिनचा ताफा करायचा असेल तर तीच ओळ चार-सहा वेळा घ्या, पण दर वेळी वादकाची खुर्ची हलवा, माइकचं अंतर बदला, जमलं तर वाद्यही. एकाच जागेवरून सहा वेळा घेतलं तर सहा माणसं वाटत नाहीत. हा ताफा सॅम्पल स्ट्रिंग्जच्या वर, त्यांच्यापेक्षा जरासा हळू ठेवा. रुंदी सॅम्पल देतील, जीव हा देईल.

पायरी ९ : मिक्स

चौथी पायरी नीट झाली असेल तर इथे फार काम उरत नाही.

सिंथचे स्वतःचे रिव्हर्ब (घुमारे) सगळे बंद करा आणि सगळ्यांना एकाच हॉल रिव्हर्बमध्ये पाठवा. दोन सेकंदांचा हॉल, २० ते ३० मिलिसेकंद प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा थांबा), आणि रिव्हर्बच्या आत २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलेलं. स्ट्रिंग्ज जास्त पाठवा, पॅड मध्यम, लीड थोडा, बेस अजिबात नाही. एका खोलीत बसल्यासारखं वाटतं ते यामुळे. आठही गाण्यांना हाच हॉल ठेवा.

२५० ते ४०० हर्ट्झमध्ये चिखल साचतो. तिथे पॅड तीन डेसिबलने कमी करा, चेलोला हात लावू नका. किकवर सिंथ बेस साइडचेनने दाबा, म्हणजे किक वाजली की बेस क्षणभर आपोआप खाली जाईल, पण स्ट्रिंग्जना साइडचेन लावू नका. हल्ली फॅशन आहे, पण दम लागलेला ऑर्केस्ट्रा ऐकवत नाही.

ऐकून बघायचं ते फोनच्या स्पीकरवर, गाडीत, आणि जमलं तर ओळखीच्या पानठेल्यावर. ठेल्याचा स्पीकर १०० हर्ट्झच्या खालचं काहीच वाजवत नाही, तिथे बेस गायब झाला तर सिंथ बेसला जरासं सॅचुरेशन द्या म्हणजे त्याचे वरचे हार्मोनिक्स ऐकू येतील. ठेलेवाल्याने "हे काय लावलं बे" म्हटलं तर मनावर घेऊ नका, बेस ऐकू आला का तेवढं विचारा.

मास्टरिंगला उगाच जोर लावू नका. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून वाजवतं, त्याहून मोठं केलं तर ते परत खाली आणतं. ट्रू पीक (आवाजाचं खरं टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पाचव्या पायरीत चाकाने केलेले चढउतार लिमिटरखाली (मोठा आवाज दाबून धरणाऱ्या प्लगइनखाली) चिरडले तर सगळी मेहनत पाण्यात.

पायरी १० : बाहेर काढणं

डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणारी कंपनी) अल्बम तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी ते तिथे पोचलेलं असावं लागतं. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौरस. प्रत्येक गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची ओळख) लागतो, तो डिस्ट्रिब्युटर देतो. तो उतरवून ठेवा, कारण डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच क्रमांक पुढे चालवायचा असतो, नाहीतर ऐकल्याचे आकडे शून्यावर येतात. भाषा विचारतील तिथे मराठी निवडा आणि नाव देवनागरीतच द्या.

शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) सभासदत्व घ्या. स्ट्रीमिंगचे पैसे डिस्ट्रिब्युटर देतो ते रेकॉर्डिंगचे. गीतकार-संगीतकार म्हणून मिळणारी रॉयल्टी वेगळी असते आणि ती या संस्थेमार्फत येते. गीतकार वेगळा असेल तर वाटणी किती टक्के ते आधीच लिहून ठेवा.

फुकट लायब्ररींचे परवाने एकदा वाचा. गाण्यात वापरून गाणं विकायला बहुतेक ठिकाणी मुभा असते, सुटे सॅम्पल वाटायला नसते. क्लॅरिनेटवाल्या काकांचं नाव श्रेयनामावलीत त्यांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या स्पेलिंगमध्ये घाला, आणि अल्बम आला की लिंक त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. पुढच्या चातुर्मासात फोन पहिल्या रिंगला उचलला जाईल.